निरोप पोचला, पण संपला का?

बेडकाचं हृदय शरीरातून बाहेर काढून योग्य क्षारांच्या पाण्यात ठेवलं तर ते एकटंच बराच वेळ धडधडत राहतं. मेंदू नाही, रक्त नाही, तरी त्याचं आपलं चालूच. ओट्टो लोवी नावाच्या प्रोफेसरने असली दोन हृदयं घेतली, एकाला त्याच्याकडे येणाऱ्या नसा तशाच जोडलेल्या ठेवल्या आणि दुसऱ्याच्या काढून टाकल्या, प्रत्येक हृदयात काचेची बारीक नळी बसवून त्यात थोडं क्षारांचं पाणी भरलं. मग पहिल्या हृदयाच्या वेगस नावाच्या नसेला काही मिनिटं विजेचे हलके झटके दिले, हृदयाची गती कमी झाली, ते होणारच होतं, ते आधीपासून माहीत होतं. नंतर त्याने त्या पहिल्या हृदयातलं पाणी काढून दुसऱ्या हृदयाला दिलं, बाकी काही नाही, फक्त पाणी. आणि ते दुसरं हृदय, ज्याला नसच नव्हती, तेही संथ झालं. गती वाढवणाऱ्या नसेला झटके देऊन त्या वेळचं पाणी दिलं तर दुसरं हृदयही जोरात धावायला लागलं.

हे सगळं ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात घडलं आणि १९२१ साली छापून आलं. तोपर्यंत भांडण असं होतं की नस अवयवाला निरोप देते तो विजेने देते की एखाद्या रसायनाने, आणि बहुतेकांचा कल विजेकडे होता. लोवीने स्वतः सांगितलंय की प्रयोगाची ही कल्पना त्याला झोपेत सुचली, अर्धवट जागं होऊन कागदावर खरडली, सकाळी स्वतःचंच अक्षर वाचता येईना, पुढच्या रात्री तीनच्या सुमारास तीच कल्पना परत आली तेव्हा तो उठून सरळ लॅबमध्ये गेला. पण मला त्या स्वप्नापेक्षा त्याचं पुढचं म्हणणं जास्त आवडतं. तो म्हणायचा की दिवसाउजेडी नीट विचार केला असता तर मी हा प्रयोग केलाच नसता, कारण नस जे काही द्रव्य सोडत असेल ते जेमतेम समोरच्या पेशीपुरतं असणार, ते उरून आजूबाजूच्या पाण्यात उतरेल अशी आशा धरणंच चूक होतं. म्हणजे त्याची शंका अगदी रास्त होती. ते द्रव्य सुटल्यासुटल्या नष्ट होतं. बेडूक थंड रक्ताचा, थंडीत ही नष्ट करणारी यंत्रणा मंद चालते, म्हणून थोडंसं उरलं आणि दुसऱ्या हृदयापर्यंत पोचलं.

मी फार्मसी शिकताना हा प्रयोग वाचला आणि त्यातली ही शेवटची गोष्टच माझ्या डोक्यात पक्की बसली. पेशी एकमेकींशी रसायनांनी बोलतात हे आता शाळेतली मुलंही सांगतात, हार्मोन्स, न्यूरोट्रान्समीटर वगैरे शब्द सगळ्यांना माहितीयत. पण निरोप कसा जातो यावर आपण जितकं बोलतो त्याचा दहावा भागही निरोप संपतो कसा यावर बोलत नाही, आणि माझं मत आता असं झालंय की शरीराची खरी करामत निरोप संपवण्यात आहे. हे मत पुस्तकातून कमी आणि गावाकडून जास्त आलंय, ते पुढे सांगते.

लोवीच्या त्या पाण्यातलं द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलीन. हेन्री डेल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याचे गुणधर्म १९१४ सालीच लिहून ठेवले होते, पण ते प्राण्याच्या शरीरात आपोआप तयार होतं हे सिद्ध व्हायला १९२९ उजाडलं. दोघांना मिळून १९३६ चं नोबेल मिळालं. (दोनच वर्षांनी नाझींनी लोवीला तुरुंगात टाकलं, ज्यू होता म्हणून. आता आपण काही सुटत नाही असं वाटून त्याने पहारेकऱ्याला गळ घातली आणि आपल्या ताज्या संशोधनाचे निष्कर्ष एका पोस्टकार्डवर लिहून विज्ञानाच्या नियतकालिकाकडे पाठवले. पुढे सुटका झाली ती नोबेलचे पैसे नाझींच्या ताब्यातल्या बँकेत भरल्यावर. हे वाचताना दरवेळी माझ्या अंगावर काटा येतो.)

ॲसिटिलकोलीन हा एकच रेणू हृदयाला सांगतो हळू हो, हाताच्या स्नायूला सांगतो आवळ, तोंडातल्या ग्रंथीला सांगतो लाळ सोड आणि डोळ्याच्या बाहुलीला सांगतो बारीक हो. रेणू तोच, एका अणूचाही फरक नाही. फरक असतो तो ऐकणाऱ्या पेशीत. पेशीच्या बाहेरच्या पडद्यात प्रोटीनचे रिसेप्टर, म्हणजे निरोप ऐकणारे कान असतात, हृदयातले वेगळ्या जातीचे, हाताच्या स्नायूतले वेगळ्या जातीचे. स्नायूतला रिसेप्टर स्वतःच एक दार आहे, ॲसिटिलकोलीन चिकटलं की ते उघडतं, सेकंदाच्या हजाराव्या भागात सोडियम आत घुसतो आणि स्नायू आकसतो. हृदयातल्या रिसेप्टरला दार नाही, तो आतल्या बाजूला दुसऱ्या प्रोटीनला जागं करतो, ते जाऊन पोटॅशियमचं दार उघडतं, पोटॅशियम बाहेर पडतो आणि पुढचा ठोका यायला जरा उशीर होतो.

आता निरोप संपायचा कसा ते बघा. नसेचं टोक आणि स्नायू यांच्यामध्ये जी फट असते ती मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढी. एवढ्याशा जागेत ॲसिटिलकोलीनेस्टरेज नावाचं एन्झाइम ठासून भरलेलं असतं, त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलीन तोडतो. काही रेणू तर रिसेप्टरपर्यंत पोचायच्या आधी वाटेतच तुटतात. तुटल्यावर जे कोलीन उरतं ते नसेचं टोक परत आत ओढून घेतं आणि नवा माल बनवायला वापरतं. शाळेत पाटीवर एक गणित झालं की पुसल्याशिवाय दुसरं लिहिता यायचं नाही तसंच हे, पाटी पुसली जाते म्हणून पुढचा निरोप वाचता येतो. मी आत्ता हे टाइप करतेय, बोटाचा स्नायू आवळतो, सुटतो, परत आवळतो, प्रत्येक अक्षराला मधे एक पुसणं आहे. आवळण्याचा निरोप तसाच राहिला तर बोट कीबोर्डवरच अडकून बसेल.

या पुसण्यात ढवळाढवळ करणारी एक गोळी आमच्या घरात रोज घेतली जाते. माझी मोठी आई, म्हणजे वडलांच्या मोठ्या भावाची बायको, तिला अल्झायमर आहे आणि रात्री जेवणानंतर ती डोनेपेझिल घेते. अल्झायमरमध्ये मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन बनवणाऱ्या पेशी कमी कमी होत जातात, निरोपच क्षीण होतो. त्या पेशी परत आणता येत नाहीत, मग ही गोळी काय करते, तर पुसणाऱ्या एन्झाइमला थोडं धरून ठेवते, जेणेकरून जो काही थोडा निरोप सुटतोय तो जरा जास्त वेळ टिकावा. आजार बरा होत नाही, हे मी घरच्यांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं होतं. पण काही महिने तिला नावं बरी आठवत होती, स्वयंपाकघरात डबे कुठले कुठे आहेत ते सांगायची, आणि त्या महिन्यांची किंमत आम्हाला विचारा. डॉक्टर दर व्हिजिटला तिची नाडी बघतात, कारण ही गोळी मेंदूतल्या एन्झाइमला धरते तशी थोडीफार हृदयाजवळच्याही धरते आणि ठोके मंदावू शकतात. पहिल्यांदा त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं तेव्हा मला ग्राझमधलं ते नस नसलेलं हृदय आठवलं.

आणि हेच एन्झाइम आमच्या गावात माणसं मारतं, म्हणजे ते बंद पडलं की मारतं.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीचा भाग. कपाशीवर मारायच्या औषधांमध्ये ऑर्गॅनोफॉस्फेट नावाची एक मोठी जात आहे, मोनोक्रोटोफॉस त्यातलंच, प्रोफेनोफॉस त्यातलंच. ही औषधं अळीच्या नसांमधलं तेच पुसणारं एन्झाइम बंद पाडतात, अळी सतत आवळत राहते आणि मरते. अळीचं एन्झाइम आणि माणसाचं एन्झाइम यात फरक आहे, पण या औषधांना थांबवण्याइतका नाही. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ट श्राडर नावाचा केमिस्ट चांगलं कीटकनाशक शोधत होता तेव्हा त्याच्या हाती टाबून लागलं, आणि ते इतकं जहाल निघालं की लष्कराने उचललं, युद्धात वापरायचा विषारी वायू म्हणून. शेतातली औषधं त्याच कुळातली सौम्य भावंडं. डोनेपेझिल एन्झाइमला धरते आणि काही वेळाने सोडून देते, ऑर्गॅनोफॉस्फेट मात्र एन्झाइमच्या कामाच्या जागेवर रासायनिक बंधाने चिकटतं आणि बऱ्याचदा कायमचं.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. त्यातली सगळीच औषधं एका जातीची नव्हती, बरेचजण दोन-तीन औषधं एकत्र करून मारत होते. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती, खाली वाकून मारायचं औषध वर तोंडाजवळ मारावं लागत होतं, फवारा अंगावरच येत होता. मजूर अनवाणी, अंगात बनियन, तोंडाला बांधला तर दुपट्टा, तोही औषधाने भिजलेला. पेपरात बातम्या आल्या, चौकशा झाल्या, कुणी म्हणालं शेतकऱ्यांनी काळजी घेतली नाही. उन्हात पाठीवर पंप घेऊन रोजंदारीवर दुसऱ्याच्या शेतात फवारणी करणाऱ्या माणसाला काळजी घेतली नाही असं म्हणणं मला फार क्रूर वाटतं. त्या उकाड्यात रबरी ग्लोव्ह्ज आणि मास्क घालून कुणी दिवसभर चालून दाखवावं.

त्याच्याही कितीतरी आधी मी आमच्या शेजारच्या काकांना औषध लागलेलं जवळून पाहिलंय. बैलबंडीवर घालून आणलं होतं. तोंडातून लाळ, डोळ्यातून पाणी, अंगावर घाम असा की शर्ट पिळून काढावा, आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दंडाच्या कातडीखाली स्नायू आपोआप फडफडत होते, लहान लहान लाटा येऊन जाव्यात तसे. काकू एकच म्हणत होती, "यायले काय होऊन राहिलं जी, काय होऊन राहिलं." तेव्हा मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. नंतर पुस्तकात लक्षणांची यादी वाचली तेव्हा एकेक ओळ मला त्यांच्या अंगावर दिसत होती. लाळेच्या ग्रंथीला मिळालेला निरोप पुसला जात नव्हता, डोळ्याला मिळालेला पुसला जात नव्हता, फुफ्फुसात पाणी सुटत होतं ते थांबत नव्हतं. शरीराचा प्रत्येक भाग एक जुनीच आज्ञा पाळत बसला होता.

काका वाचले, ॲट्रोपिनने. ॲट्रोपिन ना विष बाहेर काढतं ना एन्झाइम सुरू करतं, ते रिसेप्टरवर जाऊन बसतं, म्हणजे ॲसिटिलकोलीन भरमसाट साचलेलं असलं तरी हृदयाला आणि फुफ्फुसाला ते ऐकूच जात नाही. डॉक्टर इंजेक्शनं देत राहतात, डोस दुप्पट करत जातात, स्टेथोस्कोपने छाती ऐकतात, आतली घरघर थांबून छाती कोरडी झाली आणि नाडी वर आली की मग पुरे. बांधावर आपोआप उगवणारा आणि महादेवाला वाहतात तो धोतरा, त्यात ॲट्रोपिनचंच कूळ आहे, धोतरा खाल्लेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, नाडी धावते, बरोबर उलट चित्र. (म्हणून कुणी घरी धोतरा देऊन बघू नका, त्यात किती विष आहे याचा काही नेम नसतो आणि त्यानेही माणूस दगावतो.) फक्त ॲट्रोपिन हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंवर चालत नाही, कारण तिथले रिसेप्टर वेगळ्या जातीचे, मघाशी सांगितलं ते. त्यामुळे छाती कोरडी झाली तरी श्वासाचे स्नायू थकून लुळे पडू शकतात आणि व्हेंटिलेटर लागतो. एका रेणूच्या दोन जातींच्या श्रोत्यांचा फरक तालुक्याच्या दवाखान्यात असा जीवन-मरणाचा होतो.

हे झालं हृदय मंद करणाऱ्या निरोपाचं. लोवीच्या दुसऱ्या नसेचा, गती वाढवणाऱ्या नसेचा निरोप ॲड्रेनालिनच्या घराण्यातला. तो बिनसला तर काय होतं हे कोकणातल्या लोकांना सांगायला नको, त्यांच्याकडे लाल विंचू आहे. या विंचवाचं विष नसांच्या पडद्यातली सोडियमची दारं नीट बंद होऊ देत नाही, म्हणजे इथे पाठवणाराच थांबत नाही. आधी घाम, उलट्या, लाळ, आणि मग ॲड्रेनालिन-नॉरॲड्रेनालिनचा असा पूर येतो की रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, हृदय त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध रक्त ढकलून ढकलून थकतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं. धडधाकट मुलं संध्याकाळी विंचू चावून सकाळपर्यंत जायची.

डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. त्यांनी असे पेशंट रात्र रात्र उशाशी बसून पाहिले, एकेक लक्षण कुठल्या क्रमाने येतं ते लिहून ठेवलं, १९८२ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आणि मग त्यांनी प्राझोसिन वापरायला सुरुवात केली, ही ब्लडप्रेशरची स्वस्तातली गोळी, काम काय, तर रक्तवाहिन्यांवरच्या ज्या रिसेप्टरला नॉरॲड्रेनालिन येऊन चिकटतं तो अडवून बसणं. रक्तवाहिन्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो, मुलं वाचायला लागली. पुढे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचवाच्या प्रतिविषाचाही नीट अभ्यास केला, प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलं तर पेशंट लवकर सावरतो हे २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. मोठं मशीन नाही, शहरातलं हॉस्पिटल नाही, एक गोळी आणि बारीक निरीक्षण. मला विचाराल तर पेशींच्या भाषेचं महाराष्ट्रात लिहिलं गेलेलं सगळ्यात मोलाचं प्रकरण हेच आहे, आणि ते आपल्या अकरावी-बारावीच्या वर्गात रंगवून सांगायला हवं.

नॉरॲड्रेनालिन संपवायची पद्धत वेगळी आहे हेही सांगते. ते तिथल्या तिथे तुटत नाही, ज्या नसेने सोडलं तीच बरंचसं परत आत ओढते. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या या परत ओढण्यालाच मंद करतात, सेरोटोनिनच्या बाबतीत तर खासच. नायट्रिक ऑक्साइडला तर काहीच करावं लागत नाही, तो वायू काही सेकंदांत आपोआप विरतो, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट शरीरात जाऊन हाच वायू देते.

आणि काही वेळा ऐकणारी पेशी स्वतःच कान काढून घेते. ॲड्रेनालिनच्या रिसेप्टरवर निरोप सतत आदळत राहिला की पेशी त्या रिसेप्टरच्या शेपटीला फॉस्फेट लावते, मग अरेस्टिन नावाचं प्रोटीन येऊन त्याला चिकटतं आणि आतलं काम थांबतं, त्यानंतर तो अख्खा रिसेप्टर पडद्यासकट आत खेचला जातो. रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांनी या रिसेप्टरांवर आयुष्य घालवलं, २०१२ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना आणि ब्रायन कोबिल्का यांना मिळालं. मी मेडिकलच्या काउंटरवर हे रोज बघते, दम्याचा निळा पंप ॲड्रेनालिनच्याच रिसेप्टरवर काम करतो, आणि तो दिवसातून सारखा सारखा ओढणाऱ्या माणसाला तो हळूहळू कमी पडायला लागतो, त्याला वाटतं पंपच हलका आलाय. मी त्यांना बसवून सांगते की तुमच्या छातीतल्या पेशी आता तेवढं ऐकत नाहीयेत, सूज उतरवणारा दुसरा पंप डॉक्टरांनी लिहून दिलाय तो नेमाने घ्या. बहुतेकांना ते पटतं, कारण सारखं सारखं सांगितलं की कुणीच ऐकत नाही हे घरात सगळ्यांना माहीत असतं.

आता जे मला खरोखर लोकांपर्यंत जायला हवंय ते. पुसणारं एन्झाइम फक्त नसांजवळ नसतं, लाल रक्तपेशींच्या पडद्यावरही असतं, त्यामुळे साध्या रक्ताच्या तपासणीत ते मोजता येतं, कोलिनेस्टरेज टेस्ट म्हणतात. लाल पेशीला केंद्रक नसतं, ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही. म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेटने जेवढं एन्झाइम बंद पडलं तेवढं बंदच राहतं, जुन्या पेशी जाऊन नव्या येतील तसं भरून निघतं, आणि लाल पेशी जगते सुमारे १२० दिवस, म्हणजे दिवसाला एखादा टक्का भरपाई. आठवड्याला दोनदा फवारणी करणाऱ्या मजुराचं हे एन्झाइम हळूहळू खाली खाली येत जातं, त्याला काही जाणवतही नाही, थोडं डोकं दुखतं, थोडी मळमळ होते, त्याला वाटतं ऊन लागलं, आणि मग एक दिवस नेहमीच्याच फवारणीत तो शेतात कोसळतो आणि सगळे म्हणतात काल तर चांगला होता.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७४ पासून अशा कामगारांच्या एन्झाइमवर लक्ष ठेवायचा नियम आहे. हंगामाआधी रक्त घेऊन ज्याचा त्याचा आकडा लिहून ठेवतात, मधे मधे परत तपासतात, लाल पेशींमधलं एन्झाइम मूळ आकड्याच्या ७० टक्क्यांवर किंवा खाली आलं की त्या माणसाला औषधापासून लांबच्या कामाला लावतात आणि ८० टक्क्यांवर परत येईपर्यंत फवारणीला पाठवत नाहीत. आपल्याकडे कपाशीच्या पट्ट्यात हे आरोग्य उपकेंद्राच्या पातळीवर व्हावं असं मला मनापासून वाटतं, जून संपायच्या आत, पहिल्या फवारणीच्या आधी. आधीचा आकडा का लागतो तर निरोगी माणसांमध्येसुद्धा हे एन्झाइम कमी-जास्त असतं, एकाचं नॉर्मल ते दुसऱ्याचं घसरलेलं असू शकतं, त्यामुळे लॅबच्या रिपोर्टवर छापलेल्या रेंजमध्ये बसला म्हणून तो मजूर सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही. गावात कुणी रोजाने फवारणी करत असेल तर त्याला हंगामाआधी ही टेस्ट करून घ्यायला सांगा, कागद घरात जपून ठेवायला सांगा, आणि ज्याच्या शेतात तो फवारणार आहे त्याने टेस्टचे पैसे द्यावेत.